शून्यापासून चालत जा: मुलांना कोनमापकाने कोन मोजायला शिकवताना

पाचवीच्या वर्गात कोनमापकाचा पाठ झाला की वह्या तपासताना हमखास एक गोष्ट दिसते. समोरचा कोन चांगला अणकुचीदार, काटकोनाच्या निम्म्याहून जेमतेम मोठा, आणि त्याच्या शेजारी सुंदर अक्षरात लिहिलेलं असतं: १३०°. मुलाने कोनमापक बरोबर ठेवलेला असतो, रेघ रेघेवर बसवलेली असते. वाचलेला आकडाही त्या खुणेपाशी खरोखरच छापलेला असतो. फक्त तो या कोनाचा नसतो.

याला धांदरटपणा म्हणून सोडून देऊ नये. अर्धगोल कोनमापकावर ९० सोडला तर प्रत्येक मोठ्या खुणेला दोन आकडे असतात. ५० आणि १३० एकाच रेघेवर बसतात. त्यातला कोणता घ्यायचा, हे मुलाला दरवेळी ठरवावं लागतं, आणि कशावरून ठरवायचं ते बहुतेक वर्गांत धड सांगितलंच जात नाही. सांगितलं जातं ते असं: "भुजा उजवीकडे असेल तर आतला आकडा वाच, डावीकडे असेल तर बाहेरचा." हा नियम पाठ होतो, चार दिवस चालतो आणि सहामाहीपर्यंत उलटापालटा होतो. शिवाय सगळ्या कंपनीच्या कोनमापकांवर आतली आणि बाहेरची रांग एकाच दिशेने छापलेली असते असंही नाही. शेजाऱ्याचा कोनमापक उसना घेतला की नियम कोसळतो.

म्हणून माझं सांगणं असं की "आतला-बाहेरचा" हे शब्द वर्गात उच्चारूच नका. त्यांच्या जागी एकच वाक्य रुजवा: शून्यापासून चालत जा. पुढचा सगळा खटाटोप हे वाक्य मुलाच्या बोटात कसं उतरवायचं याचा आहे. शिक्षकांसाठी लिहितो आहे, पण घरी अभ्यास घेणाऱ्या आई-बाबांनाही यातलं बहुतेक सगळं जमेल.

पहिले दोन तास कोनमापक पेटीतच राहू दे

मुलांना कोन पहिल्यांदा भेटतो तो कागदावर छापलेल्या दोन रेघा म्हणून. त्यामुळे कोन म्हणजे "टोक" किंवा "मधली जागा" अशी काहीतरी समजूत होते. मग ज्याच्या भुजा लांब तो कोन मोठा, असं मूल सरळ सांगून टाकतं. तपासायचं असेल तर फळ्यावर दोन कोन काढा: एक ४० अंशांचा, भुजा हातभर लांब, दुसरा ७० अंशांचा, भुजा वीतभर. मोठा कोणता ते विचारा. किती हात पहिल्या कोनासाठी वर होतात ते बघून पुढे किती वेळ द्यावा लागेल याचा अंदाज येतो.

कोन म्हणजे वळण, हे आधी अंगात भिनायला हवं, आणि त्यासाठी लागणारं साहित्य शाळेत रोज वापरात आहे. कवायत! "दाहिने मूड" म्हटलं की पोरं पाव वळतात, "पीछे मूड" म्हटलं की अर्धी. वर्गाला मैदानावर न्या आणि विचारा, किती वेळा "दाहिने मूड" केल्यावर तोंड पुन्हा झेंड्याच्या खांबाकडे येईल? चार. दोनदा "पीछे मूड" केलं तर? तेच. आता एक हात समोर ताठ धरून वळायला सांगा, म्हणजे हाताची सुरुवातीची दिशा आणि शेवटची दिशा या कोनाच्या दोन भुजा झाल्या, आणि मूल जिथे उभं आहे तो शिरोबिंदू. लांब हाताचा मुलगा आणि आखूड हाताची मुलगी, दोघांनी "दाहिने मूड" केलं तर वळण सारखंच झालं ना? भुजांच्या लांबीचा घोळ निम्मा इथेच मिटतो.

उरलेला निम्मा वर्गात मिटवू. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद. दोन्हींना एका टोकाशी भोक पाडून टिचबटणाने जोडा. बटण फार घट्ट नको, पट्टी फिरवली की जिथे सोडली तिथे थांबली पाहिजे. एक पट्टी टेबलावर दाबून धरायची आणि दुसरी तिच्यावरून हळूहळू उघडत न्यायची. दोन्ही एकमेकींवर असताना शून्य कोन. उघडायला लागलं की लघुकोन, मग काटकोन, पुढे विशालकोन, आणि दोन्ही एका रेषेत आल्या की सरळकोन. ही नावं मुलांना आधीपासून ठाऊक असतात. इथे ती एकाच प्रवासातली स्थानकं होतात. काटकोन आला की नाही हे पाहायला वहीच्या पानाचा कोपरा मध्ये बसवून बघायचा. ही कोपऱ्याची कसोटी पुढे फार उपयोगी पडणार आहे, तेव्हा मुलांना तिची सवय होऊ द्या.

हे सगळं करताना अंशांचा उल्लेखही नको.

अंश लागतो कशाला

दुसऱ्या तासाला प्रत्येकाने एक कागदी गोल कापायचा. डब्याचं झाकण ठेवून गिरवला की पुरे. गोल निम्मा दुमडा, पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा. उलगडल्यावर घड्यांनी गोलाचे आठ सारखे भाग पडलेले दिसतात. एक भाग कापून घ्या, त्याला पाकळी म्हणू. आता या पाकळीने वर्गातल्या वस्तूंचे कोन मोजायचे: टोक शिरोबिंदूवर, एक कड भुजेवर, आणि मध्ये किती पाकळ्या बसतात ते पाहायचं. पुस्तकाचा कोपरा दोन पाकळ्या. अर्धा उघडलेला दरवाजाही जवळपास दोनच.

मग कंपासपेटीतला लांबडा गुण्या द्या, ३०-६०-९० वाला, आणि त्याचा ६० चा कोपरा मोजायला सांगा. एक पाकळी कमी पडते, दोन जास्त होतात. कोणी "दीड" म्हणेल, कोणी "दीडला थोडी कमी". हा वाद लगेच मिटवू नका, चांगला रंगू द्या. पाकळी फार मोठी आहे, बारीक हवी, हे मुलांच्याच तोंडून आलं पाहिजे. ते आलं की सांगा, लोकांनी फार पूर्वीच गोलाच्या ३६० बारीक पाकळ्या केल्या आणि त्यातल्या एका पाकळीएवढ्या वळणाला एक अंश म्हटलं.

३६०च का, असा प्रश्न येतोच. साठाच्या पटीत मोजायची जुनी बाबिलोनी पद्धत आपल्या मिनिट-सेकंदात आणि अंशांत आजही टिकून आहे, एवढं सांगून थांबलं तरी चालेल. त्याहून मुलांना भावतं ते वेगळंच: ३६० ला २, ३, ४, ५, ६, ८, ९, १० या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. १०० ला यातल्या निम्म्याच संख्यांनी जातो. ३६० चे एकूण २४ विभाजक आहेत. एखाद्या चुणचुणीत मुलीला ते घरी शोधून आणायला द्या.

मग गुण्याकडे परत या. आपली पाकळी किती अंशांची? ३६० भागिले ८, म्हणजे ४५. आणि गुण्याचा कोपरा ६० चा, म्हणजे एक पाकळी आणि वर तिचा तिसरा हिस्सा. "दीडला थोडी कमी" म्हणणारी मुलगी जिंकली.

पेटी उघडण्याआधी पेट्या तपासा

तिसऱ्या तासाच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे कोनमापक एकदा डोळ्यांखालून घाला. काहींचे आकडे घासून गेलेले असतात. काही दप्तरात दबून किंवा उन्हात वाकलेले असतात, टेबलावर ठेवले की डुगडुगतात. त्यांनी अचूक मोजता येणार नाही आणि दोष मात्र मुलाच्या माथी येईल. पाच-सात जास्तीचे आणून ठेवा. पारदर्शकच घ्या, रंगीत, चित्रांचे कोनमापक दिसायला छान असतात, पण खालची रेघ दिसत नसेल तर ते निरुपयोगी.

कोनमापकाची ओळख करून देताना तीनच गोष्टी ठसवायच्या. पहिली, केंद्रबिंदू: खाली मध्यभागी अधिकचं चिन्ह, बारीक भोक किंवा खाच असते ती जागा. दुसरी, आधाररेषा: केंद्रबिंदूतून जाणारी, दोन्ही टोकांच्या शून्यांना जोडणारी आडवी रेघ. बहुतेक प्लॅस्टिकच्या कोनमापकांत ही रेघ म्हणजे खालची कड नव्हे. रेघेच्या खाली काही मिलिमीटर प्लॅस्टिक उरलेलं असतं. मुलं लांबी मोजताना पट्टीची कड धरायला शिकलेली असतात, म्हणून इथेही कडच भुजेवर टेकवतात आणि सगळी मापं थोडीथोडी चुकतात. कोनमापक उलटा करून त्या रेघेवरून नखाने फिरवायला लावा. बऱ्याच कोनमापकांवर ती नखाला लागते.

तिसरी गोष्ट, दोन शून्य. परमनंट मार्करने दोन्ही शून्यांवर लाल ठिपका द्या. पाठाची निम्मी कमाई या दोन ठिपक्यांत आहे. मग बोट उजवीकडच्या ठिपक्यावर ठेवून सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं: शून्य, दहा, वीस, तीस… एकशे ऐंशीपर्यंत, बोट कडेकडेने सरकवत. मग डावीकडच्या ठिपक्यापासून तसंच उलट दिशेने. दोन्ही वेळा बोट एकाच कमानीवरून जातं, पण वेगळ्या रांगेचे आकडे वाचत जातं, हे मुलांना आपोआप दिसतं.

मराठी माध्यमात आणखी एक अडथळा असतो, त्याचा फारसा उल्लेख होत नाही. कोनमापकावरचे आकडे इंग्रजी असतात आणि वाचायचे मराठीत. त्यात एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही मंडळी पाचवीतही अनेकांना चकवतात. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" अशी पर्यायी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता ते आठवत असेल. त्या वादात तुम्ही कोणत्याही बाजूला असा, अडचण खोटी नव्हती. तेव्हा माप तोंडी विचारू नका, आधी अंकात लिहायला लावा. ६९ बरोबर लिहून "एकोणसाठ" म्हणणाऱ्या मुलाला कोन मोजता येतो. त्याचं जे चुकतंय ते वेगळं आहे आणि ते वेगळं शिकवता येतं.

प्रत्यक्ष मोजणी

फळ्यावर प-क-म असा कोन काढा, शिरोबिंदू क, भुजा कप आडवी आणि उजवीकडे जाणारी. माप ६४ अंश असू द्या. पहिल्याच खेपेला ६० किंवा ९० सारखी गोंडस मापं दिली की सुट्या अंशांचं वाचन मागे पडतं. शाळेच्या कपाटात फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक असेलच, धूळ झटकून बाहेर काढा.

१. आधी नुसतं बघा. कोपऱ्याची कसोटी लावा: काटकोनापेक्षा लहान की मोठा? लहान. मग अंदाज करा आणि वहीत लिहून टाका. "६० च्या आसपास" एवढं पुरेसं आहे. ही पायरी वगळणाऱ्याला पुढचं करू देऊ नका. वेळखाऊ वाटते, पण १३० सारखं उत्तर पकडणारा पहारेकरी हाच आहे.

२. भुजा पुरेशा लांब आहेत का ते पाहा. कोनमापकाच्या कमानीच्या थोड्या बाहेर जाव्यात. आखूड असतील तर पट्टीने वाढवून घ्या. छापील स्वाध्यायात जागा वाचवायला इतक्या आखूड भुजा काढतात की वाढवल्याशिवाय गत्यंतर नसतं. "बाई, मग कोन मोठा होईल ना?" असं कोणी विचारलं तर पट्ट्या-टिचबटणाकडे परत जा.

३. केंद्रबिंदू शिरोबिंदूवर ठेवा. केंद्रापाशी भोक असेल तर त्यातून पेन्सिलचं टोक शिरोबिंदूवर टेकवा.

४. आता पेन्सिल न हलवता कोनमापक तिच्याभोवती फिरवा, आधाररेषा एका भुजेवर येईपर्यंत. मुलं नेमकी उलट करतात, आधी रेषा जुळवतात, मग केंद्र सरकवतात, मग रेषा बिघडते, मग पुन्हा. पेन्सिलची ही युक्ती तो झगडा संपवते. दोन्ही जुळलं की डाव्या हाताच्या दोन बोटांनी कोनमापक घट्ट दाबा.

५. जी भुजा आधाररेषेवर आहे तिच्यावरचा लाल ठिपका शोधा. बोट तिथे ठेवा. तिथून दहा, वीस, तीस म्हणत दुसऱ्या भुजेकडे चाला. साठ ओलांडलं, सत्तरच्या आधी भुजा भेटली. म्हणजे उत्तर साठ आणि सत्तरच्या मध्ये कुठेतरी.

६. साठपासून पुढे बारीक खुणा मोजा, चालण्याच्याच दिशेने: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. इथे दुसरी मोठी चूक दबा धरून बसलेली असते. पुस्तक आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून मुलाची नजर डावीकडून येते, आधी ७० दिसतो आणि तिथून सहा खुणा मोजून मूल ७६ लिहून मोकळं होतं. प्रत्येक पाचवी खूण जरा लांब असते, ती ६५ ची. तिच्या अलीकडे की पलीकडे, एवढं विचारलं तरी चूक सापडते.

७. डोळा बरोबर खुणेच्या वर आणून वाचा. तिरकं पाहिलं तर जाड प्लॅस्टिकमधून एक-दोन अंशांचा फरक सहज पडतो.

८. अंदाज आणि माप शेजारी-शेजारी लिहा. फरक किती तेही लिहा.

हे आठ टप्पे फळ्यावर लावून ठेवण्याचा मोह होईल. लावा, पण मुलांकडून पाठ करून घेऊ नका. पाचवा टप्पा अंगवळणी पडला की बाकीचे मागोमाग येतात.

त्यानंतर लगेच दुसरा कोन द्या, आडवी भुजा डावीकडे जाणारी. या वेळी चाल डावीकडच्या ठिपक्यापासून. तिसरा विशालकोन. चौथा असा तिरका की एकही भुजा आडवी नाही. हा चौथा पहिल्याच दिवशी हवा. नाहीतर "खालची रेघ नेहमी सपाट असते" असं मुलांच्या डोक्यात बसतं आणि पुढे त्रिकोणाचा वरचा कोन मोजायची वेळ आली की सगळी अडकतात. मान वाकडी करण्यापेक्षा वही फिरवायला सांगा. काही शिक्षकांना वही फिरवणं आवडत नाही. मला त्यात काही वावगं वाटत नाही, कोन काही बदलत नाही.

डावखुऱ्या मुलांकडे या तासाला मुद्दाम लक्ष द्या. त्यांची पेन्सिल डाव्या हातात असते, कोनमापक उजव्या हाताने दाबलेला असतो, आणि उजवीकडचा शून्य नेमका हाताखाली झाकला जातो. त्यांना डावीकडच्या भुजेवर आधाररेषा ठेवून तिकडच्या ठिपक्यापासून चालायला शिकवा. दोन्ही भुजांपैकी कुठलीही आधाराला घेतली तरी माप तेच येतं, हे एकदा दोन्ही बाजूंनी मोजून त्यांनाच पटवून द्या, मग वर्गालाही.

दोन आकडे का छापलेत

हा प्रश्न एखादं मूल विचारतंच, न विचारल्यास आपण विचारावा. वहीत एक सरळ रेघ काढा, तिच्या मधल्या बिंदूपासून वर एक तिरका किरण काढा. रेघेच्या वर आता दोन कोन झाले. उजवीकडचा मोजा, मग डावीकडचा. समजा ५० आणि १३० आले. कोनमापक जागचा हलवावा लागला का? नाही. खूण बदलली का? तीही नाही. एकाच खुणेवरचे दोन आकडे म्हणजे त्या किरणाच्या दोन बाजूंचे दोन कोन आहेत. त्यांची बेरीज दरवेळी १८० येते, कारण दोन्ही मिळून सरळकोन होतो.

इथपर्यंत आलेलं मूल अणकुचीदार कोनाला १३० लिहिणार नाही. लिहिलंच, तर "हा शेजारच्या कोनाचा आकडा आहे का रे?" एवढं विचारून पुढे जायचं. पूर्ण चूक आणि शेजारचं उत्तर यांत फरक आहे, आणि तो फरक मुलाला कळला की त्याची भीतीही कमी होते.

मोजता आलं की काढायला द्या

काढणं हे मोजण्याहून सोपं आहे, तरी बरेच जण ते नंतर खूप उशिरा घेतात. आधी एक किरण, मग केंद्र आणि आधाररेषा नेहमीसारखी. लाल ठिपक्यापासून चालत ७० पर्यंत जायचं आणि बाहेरच्या कडेला, नेमक्या खुणेपाशी, बारीक ठिपका द्यायचा. छापलेल्या आकड्यापाशी नव्हे, कारण आकडा खुणेच्या थोडा बाजूला छापलेला असू शकतो. कोनमापक उचला, पट्टीने ठिपका शिरोबिंदूला जोडा. पेन्सिलला टोक नसेल तर ठिपकाच एक अंशाचा होतो. त्या दिवशी शार्पनर फिरवत ठेवा.

मग जोडीने खेळ: एकाने मनात माप धरून कोन काढायचा, दुसऱ्याने मोजायचा. दोन अंशांपर्यंत फरक चालेल. वही तपासतानाही हीच सवलत द्या. प्लॅस्टिकचा कोनमापक, शिसपेन्सिलची रेघ आणि दहा वर्षांचा हात यांतून नेमका ६४ च यावा असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ६३ ला पूर्ण गुण. ६६ लाही, मला विचाराल तर. ११६ ला मात्र अंदाजाचा रकाना उघडून दाखवायचा.

स्वतःची तपासणी स्वतः करायला त्रिकोण उत्तम. मोठा त्रिकोण काढायचा, तिन्ही कोन मोजायचे, बेरीज करायची. १७८ ते १८२ आली की शाबास. २०० च्या वर गेली तर कुठल्या तरी कोनाने शेजारचा आकडा उचलला आहे, शोधा. बेरीज १८० का येते हे अजून शिकवलं नसेल तर कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून एका बिंदूपाशी शेजारी-शेजारी लावायला सांगा. सरळ रेघ तयार होते.

घरच्या सरावासाठी घड्याळ आहेच. लागोपाठच्या दोन आकड्यांमध्ये ३० अंश, त्यामुळे तीन वाजता ९०, चार वाजता १२०. शिष्यवृत्तीच्या तयारीत साडेतीनचा प्रश्न हमखास करून घेतला जातो आणि निम्मा वर्ग ९० म्हणून फसतो. तासकाटा तीनवर थांबलेला नसतो, अर्ध्या तासात तो १५ अंश पुढे सरकलेला असतो. म्हणून ७५. खऱ्या घड्याळाचे काटे फिरवून, काच नसलेल्या जुन्या घड्याळावर कोनमापक ठेवून मोजू द्या. छतावरचा तीन पात्यांचा पंखा न मोजताच सांगता येतो: १२०.

वहीबाहेरचा एक कोन: शाळेचा उतार

हा उपक्रम शेवटच्या तासाला. शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी उतार असेल आणि त्याला कठडा असेल तर तुमचं साहित्य तयार आहे. एका चांगल्या कोनमापकाच्या केंद्रातल्या भोकातून जाड दोरा ओवा, मागे गाठ मारा, खाली लोंबत्या टोकाला नट किंवा छोटा दगड बांधा. ओळंबा झाला. गवंडीकाका भिंत सरळ आहे का हे असंच बघतात, हे कुणाच्या तरी घरी माहीत असतंच. त्या मुलाला समजावून सांगू द्या.

आता कोनमापक उलटा धरा, सरळ कड वर आणि कमान खाली. आधी आडव्या टेबलाच्या कडेला खालून सरळ कड टेकवा. दोरा ९० वर लटकला पाहिजे. मग उताराच्या कठड्याच्या पाइपाला तशीच खालून कड टेकवा. पाइप उताराला समांतर असतो, म्हणून पाइपाचा कल तोच उताराचा कल. दोरा ९० वरून जेवढा सरकला तेवढे अंश उतार. दोघांनी धरायचं, तिसऱ्याने समोरून वाचायचं, चौथ्याने लिहायचं. वारा असेल तर दोरा स्थिर होईपर्यंत थांबायचं.

एक फूट चढायला बारा फूट लांबी, या प्रमाणातला उतार जेमतेम पाच अंशांचा भरतो. मुलांचा अंदाज बहुतेक वेळा २०-३० चा असतो, कारण चालताना चढ जाणवतो. माप पाच-सहा आलं तर ठीक. बारा-पंधरा आलं, तर ते दुसऱ्या गटाकडून पुन्हा मोजून घ्या, कठड्याच्या दोन-तीन ठिकाणी मोजून घ्या, आणि तरीही तेच आलं तर आकड्यांसकट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. एवढा खडा उतार कोणाच्या मदतीशिवाय चाकाच्या खुर्चीला चढवत नाही.